रात्रभराचे नृत्य आणि शरीराचे इशारे

रात्र जागविणे आम्हा गोमंतकीयांना नवीन नाही. पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पहाटेपर्यंत रंगते. पौषातील थंडीत धालोच्या मांडावर स्त्रिया गातात, नाचतात. शिगम्याचे मेळ घरोघर फिरतात. याच पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डिसेंबर २०२४ मध्ये ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव भरला, तेव्हा तेथे आलेला एक तरुण पाहुणा कोसळला आणि त्याला वाचविता आले नाही. त्यानंतर आपल्याकडे परवानगी आणि पोलीस यांवर पुष्कळ चर्चा झाली. परंतु अशा रात्री निरोगी शरीरात नेमके काय घडते, याचा विचार फारसा झाला नाही.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. ज्यांना आम्ही पोलिओचे डोस पाजले, तीच मुले आता सोळा-अठरा वर्षांची झाली आहेत. सुर्ल्यासारख्या डिचोली तालुक्यातील गावातून किनारा तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. तेथे जाऊ नका, एवढे सांगून पालकांचे कर्तव्य संपत नाही. गेलेल्या मुलाने सुखरूप परत यावे, हाही आपल्या चिंतेचा विषय असला पाहिजे.

रेव्ह म्हणजे काय?

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी मंडळी येऊ लागली. प्रारंभी तेथे गिटार आणि रॉक संगीत होते. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत आले आणि १९९० नंतर ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ते लंडन, जर्मनी व इस्रायलपर्यंत पोहोचले. २०२३ मध्ये निधन पावलेला अमेरिकन डीजे गोवा गिल तर सलग चोवीस तास संगीत वाजविण्यासाठी प्रसिद्ध होता. साधारण त्याच सुमारास हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात ‘हार्डकोअर’ हा अधिक वेगवान व कर्कश प्रकार उदयास आला.

वेगाचा हिशेब डॉक्टरांना सहज समजेल. हाउस संगीतात मिनिटाला सुमारे १२० ते १३० ठोके असतात, गोवा ट्रान्समध्ये १४० ते १५०, तर हार्डकोअरमध्ये १६० ते २०० किंवा त्याहूनही अधिक. अशा रात्री अनेक डीजे एकामागून एक येतात. प्रत्येक जण तास-दीड तास वाजवितो आणि ठेका न तोडता पुढच्याच्या हाती सोपवितो. वाजविणारा दर वेळी ताजातवाना असतो. समोर नाचणारा मात्र संध्याकाळपासून तोच असतो.

येथेच आपल्या जुन्या जागरांशी असलेला फरक ध्यानात येतो. दशावतारात प्रेक्षक बसलेला असतो. शिगम्याचा मेळ एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना थांबतो. हणजूणच्या जुन्या पार्ट्यांतही गावातील स्त्रिया चटया अंथरून, दिव्याच्या उजेडात चहा विकत असत आणि थकलेली मंडळी तेथे येऊन बसत. हा विसावा शरीराच्या दृष्टीने औषधासारखा होता. बंदिस्त आवारातील, तिकिटाच्या आधुनिक कार्यक्रमात तो मुद्दाम योजावा लागतो. मँचेस्टर शहराने १९९० च्या दशकात ‘सेफर डान्सिंग’ मोहीम राबविली, तेव्हा मोफत पिण्याचे पाणी, हवा खेळती राहणे आणि बसण्यासाठी थंड, शांत खोली यांवरच तिचा भर होता.

दडपले जाणारे इशारे

निसर्गाने शरीराला धोक्याच्या घंटा दिल्या आहेत. रेव्हच्या रात्री त्या एकेक करून बंद पडतात.

पहिली घंटा कानाची. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर याहून अधिक आवाज असू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा स्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली. नंतर कानात गुणगुण होते व ऐकू कमी येते. दोन दिवसांत बरे वाटले, तरी कानाच्या आतील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

दुसरी घंटा थकव्याची. मद्य आणि उत्तेजक पदार्थ ती झाकून टाकतात. ‘एक्स्टसी’ अथवा एमडीएमए हे रसायन १९१२ मध्ये जर्मनीतील मर्क कंपनीत प्रथम तयार झाले. आपल्याकडे अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. ते मेंदूत सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात मोकळे करते, त्यामुळे श्रम जाणवत नाहीत. शिवाय गोळीत खरोखर काय व किती आहे, हे घेणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.

तिसरी घंटा उष्णतेची. दमट हवेत व गर्दीत घाम वाळत नाही, स्नायू उष्णता निर्माण करीतच राहतात आणि औषध तापमानाचे नियंत्रण बिघडविते. शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले, की स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडे निकामी होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते.

चौथी घंटा तहानेची, आणि तिच्याविषयी गैरसमज अधिक. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. एमडीएमएमुळे लघवी रोखणारे संप्रेरक वाढते. त्यात नुसते पाणी घटाघटा प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते व मेंदूला सूज येते. १९९५ मध्ये इंग्लंडमधील एका अठरा वर्षांच्या मुलीने एक गोळी घेऊन सुमारे दीड तासात सात लिटर पाणी प्यायल्याने तिचा मृत्यू ओढवला.

सहकारी डॉक्टरांसाठी

अशा रात्रीनंतर गोंधळलेला किंवा झटके येणारा तरुण समोर आल्यास दोन गोष्टी तत्काळ मोजाव्यात : गुदद्वारातील तापमान आणि रक्तातील सोडियम. हा नेहमीचा ताप नव्हे. मेंदूतील तापमानाची पातळी येथे वर सरकलेली नसते, म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. कपडे काढून बर्फाचे पाणी व पंखा यांनी अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांखाली आणण्याचा प्रयत्न करावा. अस्वस्थता व झटके यांसाठी बेंझोडायझेपिन द्यावे. सोडियम घटल्याने झटके येत असतील, तर प्रौढास ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिलिलिटर द्यावे. सोडियम कळण्यापूर्वी ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली चढविणे धोक्याचे आहे.

पोलीस प्रकरण होईल म्हणून उपचार थांबवू नयेत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, की जीव वाचविणे हे डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्यानंतर.

पालक आणि तरुणांसाठी

स्वतःच्या घंटा बंद पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज असते. म्हणून एकटे जाऊ नये, आणि गटातील एकाने तरी पूर्ण शुद्धीवर राहावे. कानात फोमचे बोळे घालावेत, ध्वनिवर्धकापासून दूर उभे राहावे, तासातून एकदा बाहेर येऊन बसावे. तहानेपुरतेच पाणी थोडे थोडे प्यावे व सोबत काही खारट खावे. अमली पदार्थाची सुरक्षित मात्रा नसते, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे.

मित्राचे अंग तापले, तो असंबद्ध बोलू लागला, सारखी उलटी किंवा तीव्र डोकेदुखी होऊ लागली, झटका आला किंवा तो हाकेला ओ देईना, तर ‘झोपला की उतरेल’ असे म्हणू नये. त्याला कुशीवर वळवावे, थंड करावे आणि १०८ ला फोन करावा. त्याने काय घेतले हे डॉक्टरांना खरे सांगावे.

भीतीपोटी गेलेला तासच बहुधा प्राणघातक ठरतो. घरच्यांचा राग, पोलिसांचा धाक आणि लोकलज्जा यांमुळे मित्र गप्प राहतात. तेव्हा पालकांनी मुलाला एक वाक्य आजच सांगून ठेवावे : “अडचणीत सापडलास, तर रात्री कितीही वाजता फोन कर, आधी तुला घेऊन येऊ, बोलायचे ते नंतर बोलू.” हा विश्वास घरात असेल, तर फोन वेळेवर येतो, आणि पुढील काम आम्हा डॉक्टरांना करता येते.