मास्टरला हात लावण्याआधी!

आपल्या हॉस्टेलमध्ये एकूण गिटार किती हे रेक्टर सरांनासुद्धा सांगता येणार नाही! गॅदरिंग जवळ आलं की प्रत्येक मजल्यावर एक तरी रूम ‘स्टुडिओ’ होते. एक लॅपटॉप, एक माइक, पंखा बंद, दाराला ‘शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे’ अशी चिठ्ठी. गाणं छान होतं. आणि मग फाइल ऐकल्यावर दोनपैकी एक तक्रार येते. ‘आवाज फाटतोय’ नाहीतर ‘आवाजच येत नाहीये’!

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आवाज कुठून कुठे जातो, म्हणजे राउटिंग, आणि शेवटी मास्टरवर त्याचं काय होतं, हे कुणी नीट पाहिलेलं नसतं. हे पाहणं महत्त्वाचं, कारण फायनल इयरची मंडळी एकदा पांगली की ढोलकीवाला एका शहरात आणि गायिका दुसऱ्या! तो टेक परत मिळत नाही. (मी कॉन्व्हेंटमधली असल्यामुळे फेडर, बस, सेंड यांना शुद्ध मराठी शब्द शोधत बसत नाही. सॉफ्टवेअरमध्येही हेच शब्द दिसतात.)

पाइपलाइन समजून घ्या

आपल्या बिल्डिंगचं ड्रेनेज डोळ्यांसमोर आणा. उदाहरण जरा घाण आहे, पण अचूक आहे! प्रत्येक रूमच्या बेसिनचं पाणी मजल्याच्या पाइपात येतं, सगळ्या मजल्यांचं पाणी मेन पाइपात आणि तिथून बाहेर. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बेसिन म्हणजे ट्रॅक, मजल्याचा पाइप म्हणजे बस आणि मेन पाइप म्हणजे मास्टर. प्रत्येक ठिकाणी एक व्हॉल्व्ह असतो, त्याला म्हणायचं फेडर. फेडर ० डीबीवर आहे म्हणजे आवाज बंद नव्हे! ० म्हणजे ‘जसं आलं तसं पुढे पाठव’.

ही सोय फुकट मिळालेली नाही. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम १९६७ साली निघाला, तो ४ ट्रॅकच्या टेप मशीनवर रेकॉर्ड झाला होता. ट्रॅक संपले की ते एकत्र करून दुसऱ्या मशीनच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढची वाद्यं भरायची. एकदा एकत्र केलं की ड्रम जास्त झाले म्हणून फक्त ड्रम कमी करता येत नसत. आज आपण बस वापरतो तेव्हा तेच एकत्रीकरण करतो, फक्त ते कधीही बदलता येतं.

एक उदाहरण घेऊ

समजा आपल्या गाण्यात ८ ट्रॅक आहेत. मुख्य आवाज १, कोरस २, हार्मोनियम १, गिटार १, टाळ १ आणि ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माइक म्हणून २. सॉफ्टवेअर घेऊ रीपर, कारण ६० दिवस वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि राउटिंग शिकायला त्यासारखं दुसरं नाही. (विनॅम्प आठवतंय? ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे सॉफ्टवेअर.)

ढोलकीचे २ आणि टाळेचा १ असे तीन ट्रॅक एका ‘ताल’ बसमध्ये घाला. आवाजाचे तीन ‘गायन’ बसमध्ये. आता ताल जास्त वाटला तर तीन फेडर न हलवता एकच हलवायचा, ढोलकी आणि टाळ यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं.

इथे एक खड्डा आहे. रीपरमध्ये प्रत्येक ट्रॅक आपणहून मास्टरला जोडलेला असतो. तुम्ही सेंड टाकून ढोलकी ‘ताल’ बसला जोडलीत, पण तिचा मास्टर सेंड चालूच ठेवलात, तर तोच आवाज दोन वाटांनी मास्टरवर पोचतो. तंतोतंत सारखे दोन सिग्नल मिळाले की ॲम्प्लिट्यूड दुप्पट, म्हणजे २० लॉग २, म्हणजे ६ डीबीची वाढ! शिवाय बसचा फेडर पूर्ण खाली ओढला तरी ढोलकी वाजतच राहते आणि आपण चक्रावतो. उपाय दोन. एक तर ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मास्टर सेंडची खूण काढा. नाहीतर सरळ फोल्डर ट्रॅक करा, त्यातले ट्रॅक आपोआप फोल्डरमधूनच पुढे जातात.

रिव्हर्बसाठी मात्र दोन वाटा मुद्दाम ठेवायच्या. मूळ आवाज एका वाटेने, आणि त्याची थोडी कॉपी सेंडने रिव्हर्बच्या ट्रॅकवर. हा सेंड ‘पोस्ट फेडर’ ठेवा, म्हणजे आवाज कमी केला की त्याचा रिव्हर्बही कमी होतो. ‘प्री फेडर’ ठेवलात तर गायिकेचा फेडर शून्य केला तरी तिचा घुमणारा आवाज येत राहील, भुतासारखा! प्री फेडरचा खरा उपयोग गाणाऱ्याला हेडफोनमध्ये वेगळं मिक्स देण्यासाठी.

मेन पाइप तुंबतो कसा?

आता थोडं गणित, घाबरू नका. डिजिटलमध्ये छत ० डीबी. ८ वेगवेगळे ट्रॅक साधारण सारख्या पातळीचे असतील तर त्यांची बेरीज एका ट्रॅकपेक्षा सरासरी १० लॉग ८, म्हणजे ९ डीबी जास्त. आणि सगळ्यांची शिखरं नेमकी एकाच क्षणी आली तर २० लॉग ८, म्हणजे १८ डीबी. म्हणून प्रत्येक ट्रॅकचं शिखर फेडरनंतर मायनस १८ च्या आसपास ठेवलं, तर वाईटात वाईट वेळीही बेरीज छताला फक्त टेकेल. पण मुख्य आवाज तर वरच ठेवावा लागतो, आणि एकेका ट्रॅकचा मीटर हिरवा दिसत असताना मास्टर लाल का होतो, हे कोडं इथे सुटतं.

लाल झालं तर काय? इथे आपल्या ड्रेनेजपेक्षा सॉफ्टवेअर चांगलं आहे. आतली बेरीज फ्लोटिंग पॉइंटमध्ये होते. रीपर आत ६४ बिट वापरतं. आतले पाइप इतके रुंद की मधल्या बसमध्ये छत ओलांडलं तरी सहसा काही सांडत नाही, फक्त काही प्लगिन जास्त पातळीला वेगळे वागतात. सांडतं ते दोनच ठिकाणी, रेकॉर्ड करताना माइककडून आत येताना आणि शेवटी १६ किंवा २४ बिटच्या फाइलमध्ये किंवा स्पीकरकडे बाहेर जाताना. म्हणून मास्टर ४ डीबीने वर जात असेल तर मास्टर फेडर ५ डीबी खाली आणणं हा जुगाड नाही, योग्य उपाय आहे. पण माइकवरच फाटलेला आवाज मास्टर खाली करून दुरुस्त होत नाही, तो फक्त हळू फाटका ऐकू येतो. म्हणून घेताना शिखरं मायनस १२ च्या आसपास ठेवा.

‘मास्टर ०वरच हवा’ म्हणून सगळे ट्रॅक ५ डीबी खाली ओढणंही चालतं, पण दोन गोष्टी बदलतात. बसवर कॉम्प्रेसर असेल तर त्याला कमी आवाज मिळतो आणि तो कमी दाबतो. आणि एखादा सेंड प्री फेडर राहिला असेल तर त्याचा रिव्हर्ब तुलनेने वाढतो.

मास्टरवर लिमिटर लावणाऱ्यांसाठी सूचना. रीपरमध्ये इफेक्ट आधी आणि फेडर नंतर येतो. लिमिटरने मायनस १ वर छत घातलं आणि तुम्ही नंतर फेडर ३ डीबी वर नेलात, तर लिमिटर असूनही फाटणारच! हाच क्रम गाण्याच्या शेवटच्या फेड आउटला मात्र फायद्याचा. मास्टर फेडरने आवाज हळूहळू उतरवला तर आतला कॉम्प्रेसर बिघडत नाही.

रात्री दोनची गोष्ट

‘आवाजच येत नाही’ ही तक्रार कशी जन्मते? रात्री हेडफोनमध्ये मोठं वाटतं म्हणून लोक मास्टर फेडर खाली ओढतात. रीपरमध्ये मास्टर फेडर जिथे असेल तसाच फाइलमध्ये उतरतो. हेडफोनचा आवाज कमी करायचा तर लॅपटॉपचा व्हॉल्यूम किंवा इंटरफेसचा नॉब फिरवा. ऑडॅसिटीत उलटं आहे. तिथला प्लेबॅक व्हॉल्यूमचा स्लायडर फक्त ऐकण्यासाठी, एक्स्पोर्टवर त्याचा परिणाम नाही. तिथे फाइल हळू आली तर एकेका ट्रॅकचा गेन बघायला हवा. मास्टरवर इफेक्ट लावायची सोय ऑडॅसिटीत २०२४ मध्ये ३.६ आवृत्तीत आली, पण आपण वर केल्या तशा बस तिथे करता येत नाहीत. ज्यांना फक्त आवाज आणि गिटार घ्यायचं आहे त्यांना ती पुरते.

फाइल काढण्याआधी

१. प्रत्येक ट्रॅक सोलो करून तो कोणत्या वाटेने मास्टरवर पोचतो ते बघा.
२. बसचा फेडर पूर्ण खाली करा. तरीही ट्रॅक वाजला तर दुसरी वाट उघडी आहे.
३. गाणं पूर्ण वाजवून मास्टरचं सर्वांत वरचं शिखर वाचा, फक्त पहिलं कडवं नव्हे. कोरस शेवटी असतो!
४. मास्टर फेडर रात्री कुणी हलवला नाही ना, ते बघा.
५. फाइल काढल्यावर प्रोजेक्टचं फोल्डर उडवू नका. सुटे ८ ट्रॅक पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा.

हे पाचवं सगळ्यांत महत्त्वाचं. मिक्स चुकलं तर अर्ध्या तासात नवीन करता येतं, पुढच्या वर्षीची ज्युनिअर मंडळीसुद्धा करतील. पण जाणाऱ्या सीनिअर्सचा आवाज त्या सुट्या ट्रॅकमध्येच आहे. तो शाबूत असेल तर मास्टर कितीही वेळा चुकू दे!