न खोदता पाहिलेली जमीन
— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष (भूगोल)

मनुष्य चंद्रावर जाऊन आला त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. चंद्र आपल्यापासून सुमारे 3 लाख 84 हजार किलोमीटर दूर आहे. पायाखाली मात्र आपण किती खोल गेलो? रशियातील कोला द्वीपकल्पावर 1970 साली एक छिद्र पाडावयास आरंभ झाला. वीस वर्षे खटपट करून ते 12 हजार 262 मीटर खोल गेले. एवढे खोल छिद्र त्याआधी कोणी पाडले नव्हते. पृथ्वीची त्रिज्या आहे 6 हजार 371 किलोमीटर. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण पृथ्वीच्या सालीलासुद्धा आरपार टोचू शकलो नाही. आणि तरीही आमच्या भूगोलाच्या पुस्तकात भूकवच, प्रावरण व गाभा यांची जाडी आकड्यांनिशी छापलेली असते. हे आकडे कोणी, कसे मोजले?

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या आजीचा आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. आजी सांगते की आमच्या घरात कांड्यावरची भांडी खडखडा वाजली, दावणीची जनावरे दावी तोडू लागली आणि सगळे लेकरे उचलून अंगणात धावले. आमच्याकडे भिंतीला चिरा पडण्यावर निभावले. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी या गावांत तसे निभावले नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. मी वाचत बसले होते तेव्हा आजीने विचारले, "खालचं एवढं सांगतेत, तर ह्यांनी खणून बघितलंय का?"

खणणाऱ्याला काय दिसते ते आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच एखादा लाल गेरूसारखा पट्टा आणि पुन्हा काळा पाषाण. हा सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा खडक. विहीर पन्नास फुटांवर थांबते, बोअरची गाडी तीन-चारशे फुटांवर. दोन्ही बेसाल्टमध्येच संपतात. जाड घोंगडे अंगावर ओढून कोणी निजले असावे, तशी आपल्या दख्खनची मूळ जमीन या लाव्ह्याखाली झाकलेली आहे. भूकंप घडविणारी भेग घोंगड्यात नसते, घोंगड्याखालच्या अंगात असते. सारी अडचण इथेच आहे.

आठवडी बाजारात बाई मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहते. मडके न फोडता तडा कळतो. भूशास्त्रज्ञ करतात ते हेच, फक्त त्यांना वाजविणारा हात बहुतेक वेळा भूकंपाचा असतो.

भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली प्राथमिक लहर. ती खडकाला दाबत व सैल करीत पुढे जाते, कवचात सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. दुसरी दुय्यम लहर. ती खडकाला आडवे हलवीत जाते आणि तिचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, त्या मधल्या वेळेवरून पाऊस किती दूर आहे ते शेतकरी ओळखतो. तसेच येथे आहे. दोन लहरींमध्ये जितके सेकंद जातील, त्या प्रत्येक सेकंदामागे साधारण आठ किलोमीटर अंतर धरावे. भूकंपमापकाच्या कागदावर या दोन लहरी निरनिराळ्या ओळखून दाखविल्या त्या आर. डी. ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते आणि 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास त्यांनी केला होता. 1906 साली त्यांनीच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे लहरींवरून दाखविले. आपल्या देशातील एका भूकंपाच्या अभ्यासातून ही वाट निघाली, याचा उल्लेख आमच्या पुस्तकात असता तर बरे झाले असते.

कवच कोठे संपते हे 1909 साली झाग्रेब येथील आंद्रिया मोहोरोविचिच यांना कळले. त्यांच्या गावाजवळ कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जमवून पाहता दूरच्या केंद्रांवर प्राथमिक लहर एकदा नव्हे, दोनदा आल्याचे त्यांना दिसले. हे कसे, ते मला एस.टी.च्या प्रवासावरून उमगले. शेजारच्या गावाला जायचे तर गाडीवाटेनेच लवकर पोहोचतो. पण दूर जायचे असेल तर आधी वाकडी वाट करून हायवे गाठावा, कारण तेथील वेग मधली खोटी भरून काढतो. कवचाखालच्या प्रावरणात लहरीचा वेग सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर असतो. त्यामुळे काही लहरी खाली उतरतात, त्या हायवेने धावतात आणि पुन्हा वर येऊन सरळ आलेल्या लहरींच्या आधी हजर होतात. कोणत्या अंतरापासून त्या पुढे निघतात हे कळले की हायवे किती खोल आहे याचे गणित करता येते. कवच चाळीस किलोमीटर जाड असेल तर हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या जवळपास येते. कवच व प्रावरण यांमधील या सीमेला मोहो विलगता म्हणतात.

भूकंपाची वाट पाहावयाची नसेल तर सुरुंग लावता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सत्तरीच्या दशकात आपल्या महाराष्ट्रात हेच केले. कोयनेला 1967 च्या डिसेंबरात भूकंप होऊन गेला होता व त्या भागाखाली काय आहे ते पाहणे निकडीचे झाले होते. एक रेघ कोकणातील गुहागरपासून सांगली जिल्ह्यातील चोरोचीपर्यंत आणि दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत आखली गेली. ठिकठिकाणी जमिनीत स्फोट करावयाचे आणि रेघेवर मांडलेल्या यंत्रांनी कंप टिपावयाचे. या कामातून असे दिसले की लाव्ह्याचा थर पश्चिमेकडे जाड व पूर्वेकडे पातळ होत जातो आणि मोहो सीमा सुमारे पस्तीस ते चाळीस किलोमीटर खोल आहे.

या पद्धतीला एक मोठी खोट आहे. हायवे खाली असेल तरच लहर वळून वर येते. खालचा थर वरच्यापेक्षा मंद असेल तर लहर आणखी खाली कलते आणि त्या थराची खबर घेऊन परत येत नाही. आपल्याकडे नेमके असेच असू शकते. वर टणक बेसाल्ट, आणि लाव्हा येण्यापूर्वी कोठे नदी-तळ्यांचा गाळ साचलेला असेल तर त्याखाली तो मऊ थर. सुरुंगाला तो सहजासहजी दिसणार नाही. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण.

वस्तूचे वजन सगळीकडे सारखे असते असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. खाली जड खडक असेल तर ओढ किंचित वाढते, हलका असेल तर कमी होते. ही ओढ मोजण्याचे माप मिलिगॅल. पृथ्वीच्या एकूण ओढीचा तो जवळजवळ दहा लाखावा भाग असतो. गुरुत्वमापक यंत्रात मूलतः एक अतिशय नाजूक स्प्रिंग व तिला टांगलेले वजन असते. सोलापूरहून आपली गाडी घाट चढून तुळजापूरला येते, त्या चढावर काय होते पाहा. शंभर मीटर वर गेलो की केवळ उंचीमुळे सुमारे 30 मिलिगॅल ओढ कमी होते. पण त्या शंभर मीटरांत जो खडक पायाखाली नव्याने आला, तो सुमारे 11 मिलिगॅल परत देतो. वजाबाकी करता पन्नास किलोच्या माणसाचे वजन एक ग्रॅमच्या जवळपास उतरते. नवस फेडायला पायी येणाऱ्यांना याचा काही लाभ होत असेल असे वाटत नाही! गंमत बाजूला ठेवू. उंचीचा, अक्षांशाचा, मधल्या खडकाचा असा सगळा हिशेब वजा केल्यावर जे उरते, तेच खोल जमिनीचे बोलणे. म्हणून या मोजणीत यंत्राइतकीच प्रत्येक ठिकाणाची उंची अचूक माहीत असावी लागते.

अशा मोजणीत मुंबईच्या किनाऱ्यावर ओढ जास्त आढळते. तेथे खाली जड खडक घुसलेला आहे, असा अर्थ लावतात. याउलट कोयना आणि आपल्या बार्शीपलीकडचे कुर्डुवाडी येथे ओढ कमी असलेले पट्टे आढळतात. कुर्डुवाडी म्हटले की आपल्याला रेल्वेचे जंक्शन आठवते. पण भूभौतिकीच्या ग्रंथांतही या गावाचे नाव आहे. 1973 साली कृष्णब्रह्मम् व नेगी यांनी असे मांडले की या दोन पट्ट्यांखाली लाव्ह्याने झाकलेल्या खचदऱ्या असाव्यात. कल्पना मोठी मोहक होती. खचदरी म्हणजे कवचाची जुनी जखम, आणि जुनी जखमच पुन्हा उसवते.

परंतु गुरुत्वाकर्षणाचा साक्षीदार गोलगोल बोलतो. उथळ असलेला थोडा हलका खडक आणि खोल असलेला पुष्कळ हलका खडक, दोघांचा वर येणारा आकडा एकच असू शकतो. बंद गोणी उचलून वजन सांगता येते, पण आत ज्वारी किती नि भुस्सा किती हे वजनावरून सांगता येत नाही. कोयनेच्या बाबतीत शेवटी खणूनच पाहावे लागले. 2011 नंतर तेथे संशोधनासाठी खोल छिद्रे घेतली गेली आणि गोठणे येथील छिद्र तर तीन किलोमीटर खोल नेले. तेथे लाव्हा 1 हजार 247 मीटर निघाला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. लाव्ह्याखाली गाळाने भरलेली दरी असेल असे ज्यांना वाटत होते, त्यांना विचार बदलावा लागला. मला यात कोणाची फजिती दिसत नाही. आकडा खरा होता, त्याचा एक अर्थ गळाला.

किल्लारीलाही भूकंपानंतर छिद्र घेतले. ते 617 मीटर खोल गेले. 338 मीटर लाव्हा, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग अतिप्राचीन खडक. आठ मीटरांचा तो थर वजनात मिलिगॅलच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक पाडेल की नाही, इतका किरकोळ. वरून तो कोणाच्या यंत्राला कसा दिसावा? त्या छिद्रानेच तो दाखविला.

खरी चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, कणखर भूमी, अशी समजूत होती. समजूत सर्वस्वी खोटी नव्हती, पण कणखर खडकही दाबाखाली असतोच. भारताची भूमी उत्तरेकडे सरकते आहे आणि हिमालयाशी तिची रेटारेटी चालू आहे. तो दाब पठारालाही सोसावा लागतो. किल्लारीला जमिनीत फार खोल नव्हे, उथळच, एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला. शेतात जमीन उचलली गेल्याच्या खुणा लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. 2002 सालच्या नकाशातून पहिला विभाग काढूनच टाकला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा दुरुस्त झाला, पण आठ-दहा हजार माणसे जाऊन नऊ वर्षे उलटल्यावर. हे लिहिताना हात जड होतो.

1993 नंतर पठारावर नवी भूकंपमापक केंद्रे उभी राहिली. आता सुरुंगाशिवायही कवच मोजता येते. जपान किंवा इंडोनेशियात भूकंप झाला की त्याची प्राथमिक लहर खालून आपल्यापर्यंत येते. मोहो सीमेवर तिचा थोडा अंश दुय्यम लहर बनतो आणि मागे पडतो. तो साडेचार सेकंद मागे पडला तर कवच छत्तीस किलोमीटरांच्या आसपास. दूर कोणाच्या घरावर आलेले संकट आपल्या अंगणाखालची जाडी सांगून जाते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण तसेच आहे.

प्रावरणही याच रीतीने पाहतात. सोलापूरच्या दवाखान्यात सी. टी. स्कॅन करताना यंत्र रोग्याभोवती फिरते आणि अनेक बाजूंच्या छायांतून आतले चित्र जुळविते. येथे अनेक भूकंप आणि अनेक केंद्रे घेतात. ज्या वाटेने आलेल्या लहरी उशिरा पोहोचतात त्या वाटेवर खडक उष्ण किंवा मऊ असावा. 1999 साली केनेट व विद्यंतोरो यांनी वायव्य भारताखाली, खंबायतच्या बाजूस, प्रावरणात असा मंद भाग दाखविला आणि दख्खनचा लाव्हा वर आणणाऱ्या उष्ण स्तंभाची ती खूण असेल काय, असा प्रश्न उभा केला. आपल्या शेतातल्या काळ्या पाषाणाचा उगम इतक्या खोल शोधावा लागतो!

या साऱ्या विद्येला पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होणार हे सांगता येत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जमीन कोठे कशी आहे आणि म्हणून घर कसे बांधावे, एवढे मात्र ती सांगते.

आजीला मी किल्लारीच्या छिद्राचे सांगितले. 338 मीटर म्हणजे अकराशे फुटांच्या वर लाव्हा, आणि आपली बोअर फक्त तीनशे फूट. ती थोडा वेळ गप्प बसली व म्हणाली, "मग आपल्याखाली किती?" मी म्हणाले, लाव्हा पश्चिमेकडे जाड होत जातो आणि आपण किल्लारीच्या पश्चिमेला, वर बालाघाटाच्या कड्यावर आहोत. तेव्हा अकराशे फुटांहून कमी नसावा. त्यावर तिने नातवाला हाक मारून सांगितले की तीनशेला पाणी लागले नाही म्हणून उगाच आणखी शंभर फूट मारायला जाऊ नकोस, खाली सगळा पाषाणच आहे.