मुकादमाची वही आणि कारखान्याचा काटा

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांत गावंच्या गावं रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पत्रे, बांबू, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याची पिंपं, शेरडं आणि लेकरं चढतात. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे निघतात. काही थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला जातात. पाथर्डी-शेवगाव, गंगाखेड, कंधार, चाळीसगाव, नांदगाव या भागांतूनही अशाच ट्रॉल्या भरतात. ही माणसं नेमकी किती, याचे अंदाज आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. ज्यांच्या हातून राज्याचा सगळा साखरधंदा पुढे सरकतो, त्यांची आजवर धड मोजदाद झालेली नाही.

ऊसतोड कामगारांच्या हलाखीवर बरंच लिहून आलं आहे. थंडीतल्या कोपी, उघड्यावरचा संसार, शाळा सुटलेली मुलं, हे सगळं खरं आहे. पण टोळीत बसून ऐकलं तर तक्रारीचा रोख वेगळा लागतो. कष्टाला ही माणसं भीत नाहीत. त्यांना चीड आहे ती हिशेबाची. किती ऊस तोडला, त्याचं वजन किती भरलं, मजुरी किती झाली, कापली किती गेली, यातली एकही गोष्ट त्यांच्या हातात कागदावर येत नाही. जे काही असतं ते मुकादमाच्या वहीत.

आधी कर्ज, मग काम

या धंद्याची सुरुवात मजुरीने होत नाही, उचलीने होते. पावसाळ्यात, हातात काम नसताना, लग्न, आजारपण, बियाणं किंवा जुनी देणी यांसाठी पैसा लागतो आणि तो मुकादम देतो. मुकादमाला तो वाहतूकदाराकडून येतो आणि वाहतूकदाराला कारखान्याकडून. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि हंगामात ऊस तोडून ती फेडायची असते. म्हणजे फडात पाऊल टाकण्याआधीच माणूस देणेकरी झालेला असतो. देणेकऱ्याला मालकाशी घासाघीस करता येत नाही. दर परवडला नाही म्हणून काम सोडता येत नाही, रात्री दोनला भरणीसाठी गाडी आली म्हणून कुरकुर करता येत नाही आणि अंग दुखतं म्हणून घरी बसता येत नाही.

बसलंच तर खाडा. खाडा म्हणजे नुसती त्या दिवसाची बुडालेली मजुरी नव्हे; वर दंडही लागतो, कुठे पाचशे तर कुठे हजार रुपयांपर्यंत. इतर कुठल्या कामात आजारी पडल्याबद्दल कामगारच मालकाचं देणं लागतो?

वहीतलं पान

दर ठरतो तो सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ आणि मजूर-मुकादमांच्या संघटना यांच्या करारात, साधारणपणे तीन वर्षांसाठी. २०२० साली कोयता बंदच्या हाकेनंतर तोडणीचा दर १४ टक्क्यांनी वाढून टनाला २३९ रुपये ५० पैशांवरून २७३ रुपयांवर गेला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचं कमिशनही १९ वरून २० टक्क्यांवर गेलं. टक्केवारीत ही वाढ घसघशीत दिसते. ती फडात आणून बघू.

एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. तोडायचा, पाचट काढायचं, शेंडा छाटायचा, वाढ्याने मोळी बांधायची, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. ऊस गाडीत पडेपर्यंत काम झालं असं धरत नाहीत. पूर्ण दोन टन झाले तर जोडीला ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. दीडच टन झाला तर माणशी पावणेतीनशेच्या आत. आणि हे पहाटे चारला सुरू होऊन भरणीसह बारा-चौदा तास चालणाऱ्या कामाचे पैसे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता.

आता वहीतल्या पानासारखंच गणित मांडू. समजा, एका कोयत्याने एक लाख उचल घेतली. हंगामात किराणा आणि औषधपाण्यासाठी आठवड्याला हजार रुपये खर्ची मिळते, तीही उचलीतच चढते. हंगाम १२० दिवस चालला आणि एकही खाडा न करता रोज दोन टन तोडले, तर मजुरी होते ८७,८४० रुपये. सतरा आठवड्यांच्या खर्चीसह देणं एक लाख सतरा हजार. अंगावर बाकी राहते २९,१६० रुपये. हंगाम ९० दिवसांतच आटोपला तर मजुरी ६५,८८०, आणि तेरा आठवड्यांची खर्ची धरून बाकी ४७,१२०. ही बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीवर चढते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जायचं हे ठरून जातं. जोडीने वाढं विकून चार पैसे मिळवले तर तेवढाच आधार.

हंगाम किती दिवस चालणार हे मजुराच्या हातात नसतं. २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला आणि काही भागांत तोड जूनपर्यंत लांबली. मे महिन्याच्या उन्हात टोळ्या फडात होत्या. २०२४-२५ मध्ये गाळप सुमारे ८५० लाख टनांवर आलं आणि बहुतेक कारखान्यांचे पट्टे मार्चपर्यंत पडले. ऊस जास्त झाला तर मजुराने उन्हात राबायचं, कमी झाला तर कर्ज घेऊन घरी जायचं. धंद्याची जोखीम दोन्ही बाजूंनी त्याच्याच डोक्यावर.

सगळं कारखान्याचं, मजूर मात्र कुणाचा नाही

आता कारखान्याच्या बाजूने पाहू. कुठल्या गटातला ऊस कधी तोडायचा हे कारखान्याचं शेती खातं ठरवतं. कुठली टोळी कुठल्या फडात जाणार हे कारखान्याचा स्लिपबॉय सांगतो. गाडीचं वजन होतं ते कारखान्याच्या काट्यावर. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची किमान किंमत, ठरली होती. शेतकऱ्याला ती देताना तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करतो तोही कारखानाच. याचा अर्थ तोडणीचा प्रत्येक रुपया कारखान्याच्या खातेवहीत नोंदलेला असतो.

नोंद नसते ती फक्त तोडणाऱ्या माणसाची. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा मजुराशी असलाच तर तोंडी किंवा कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचा. अपघात झाला, साप चावला, उसाची गाडी उलटली की कारखाना म्हणतो, हा आमचा माणूस नाही. मुकादम म्हणतो, मी तरी काय मालक आहे? दोघांच्या मधून जबाबदारी निसटते आणि भरपाईसाठी घरच्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात.

मुकादम हा या गोष्टीतला एकमेव खलनायक नाही. बरेच मुकादम पूर्वी स्वतः कोयता चालवलेले असतात. उचल घेऊन टोळी पळाली की वाहतूकदाराचा तगादा त्यांच्याच मागे लागतो. वाहतूकदारही मुकादमाने फसवलं म्हणून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. पण या फसवणुकीची वसुली करायची म्हणून मजुरांना डांबून ठेवणं, मारहाण करणं, बायका-मुलांना अडकवून ठेवणं, असे प्रकार होतात तेव्हा तो व्यवहार उरत नाही. तो गुन्हा असतो. आणि पैशाची ही लांबलचक साखळी ज्याच्या तिजोरीतून सुरू होते तो कारखाना या भांडणात कुठेच दिसत नाही.

लोणी-प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याने पहिलं गाळप केलं. शेतकरी मालक झाला, ही मोठी क्रांती होती. पण तोडणारा त्या सहकारात कधी सभासद झाला नाही आणि कामगारही झाला नाही. कारखान्याच्या आत यंत्रावर काम करणाऱ्याला हजेरीपट आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, बोनस आहे. फाटकाबाहेर त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्याला यातलं काही नाही.

बाईचा अर्धा कोयता

कोयत्यात निम्मा वाटा बाईचा असतो, पण हिशेब होतो तो नवऱ्याच्या नावाने. उचल त्याच्या हातात, बाकी त्याच्या नावावर. तोडणीआधीचा स्वयंपाक, पाणी, लेकरं तिच्याकडे आणि तोडणीनंतर पुन्हा तेच. फडाजवळ संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन फळी चढावी लागते. गरोदरपणात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बायका काम करतात आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरतात, कारण घरी बसली तर खाडा आणि कोयता अर्धाच राहतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये हिंदू बिझनेसलाइनने बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी दिली आणि देश हादरला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. कर्करोगाची भीती घातली गेली, अंगावरून जाणं, पोटदुखी यांवर साधे उपचार करून पाहिलेच नाहीत, असंही समोर आलं. मार्च २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने हाच विषय जगापुढे मांडला.

या बायकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिच्या जागी बसून हिशेब करून पाहा. दर महिन्याला चार दिवस दुखणं म्हणजे चार खाडे, वर दंड, वर दवाखाना, आणि हे सगळं उचलीत चढणार. शस्त्रक्रिया केली की एकदाच काय ते दुखणं संपेल, असं तिला सांगितलं जातं. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज होतं आणि तिशी-पस्तिशीत कंबरदुखी, सांधेदुखी मागे लागते. हा निर्णय तिने मोकळेपणी घेतलेला नाही; खाड्याच्या दंडाने तो तिच्याकडून घेऊन टाकला आहे.

कायद्यात काय आहे

कायदे नाहीत असं नाही. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ पैसे देऊन माणसाला कामाला जखडून ठेवणं त्यात गुन्हा ठरतं. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. पण मजुराने किती तास काम केलं आणि त्याला किती मिळालं याची नोंदच नसेल, तर किमान वेतन दिलं की नाही हे सिद्ध कसं करणार? कागद नसणं हा या व्यवस्थेतला विसराळूपणा नाही. ती कागदाशिवाय चालते म्हणूनच स्वस्त पडते.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे, अशी त्याच्या निधीची सोय झाली. मजुरांच्या मुलामुलींसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली. कोरोनाच्या टाळेबंदीत एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना गावी जाऊ द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा प्रशासनाला याद्या करता आल्या, तपासण्या करता आल्या. म्हणजे मनात आणलं तर मोजता येतं. दुसरीकडे तोडणी यंत्राच्या खरेदीला सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. यंत्राला विरोध करायचं कारण नाही, पण यंत्रासाठी तिजोरी उघडते आणि माणसाच्या ओळखपत्राचं काम वर्षानुवर्षं रखडतं, हे पटणारं नाही.

करायचं ते अवघड नाही

प्रत्येक मजुराची, आणि बाईची स्वतंत्रपणे, कारखान्याकडे नोंद व्हावी. कारखान्याच्या काट्यावर गाडी तोलली की वजनाची चिठ्ठी टोळीच्या हातात किंवा मोबाइलवर पडावी. ती शेतकऱ्याला मिळते, तशी तोडणाऱ्यालाही मिळायला हवी. मजुरी कारखान्याने थेट नवरा आणि बायको यांच्या वेगवेगळ्या खात्यांत जमा करावी. उचल द्यायचीच तर ती लेखी, बँकेतून आणि हंगामात फिटेल एवढीच असावी. हंगाम लवकर संपला तर उरलेली बाकी कारखान्याने सोसावी. खाड्याचा दंड बेकायदा ठरवून बंद करावा आणि पाळी, गरोदरपण, आजारपण यांसाठी भरपगारी सुट्टी द्यावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. काटा आहे, संगणक आहे, खाती आहेत, टनाचा दर ठरलेला आहे. खर्च वाढेल, साखर थोडी महाग होईल असं कारखानदार म्हणतील. तो वाढीव पैसा द्यायची तयारी आपण ग्राहकांनी ठेवली पाहिजे आणि ज्या कारखान्याचे आपण सभासद आहोत त्याच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारलं पाहिजे: आपल्या फडात ऊस तोडणाऱ्यांची नावं कारखान्याच्या कुठल्या रजिस्टरात आहेत? ज्याच्या काट्यावर ऊस तोलला जातो आणि ज्याच्या खात्यातून तोडणीचा पैसा निघतो, तोच मालक. त्याने मालकाची जबाबदारी सहीनिशी घेतली पाहिजे. तोपर्यंत ऊसतोड हा महाराष्ट्रातला उघड्यावर चाललेला वेठबिगारीचा धंदाच राहील.