उन्हाची पुडी आणि रक्तातली चरबी

‘ड’ जीवनसत्त्व हा शब्द आता आपल्या वस्त्यांतही घरोघरी पोहोचला आहे. गुडघे दुखले, अंग मोडून आले की मेडिकलमधून ६०,००० युनिटची पुडी आणायची आणि दुधातून घ्यायची. त्यात एका नव्या समजाची भर पडली आहे. उन्हात कोलेस्टेरॉलचेच ‘ड’ जीवनसत्त्व बनते, म्हणून ‘ड’ वाढवले की कोलेस्टेरॉल आपोआप उतरते. मग डॉक्टरांची रोजची गोळी कशाला? हा समज अर्धाच खरा आहे, आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

नाते आहे, पण किती?

कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नाही. पेशींचे आवरण आणि पचनाला लागणारे पित्त त्यापासूनच बनते. आपले यकृत ते रोज तयार करते. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या अगदी आधीच्या टप्प्यावरचा एक पदार्थ कातडीत असतो. त्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की ‘ड’ जीवनसत्त्व बनते. या पदार्थांच्या संशोधनासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ विंडाउस यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण प्रमाण बघा. रक्तातील कोलेस्टेरॉल काही ग्रॅम असते. ‘ड’ची रोजची गरज मात्र साधारण १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा साठ-सत्तर हजारावा भाग. एवढ्याने रक्तातली चरबी उतरणार कशी?

मग दोन्ही एकत्र का दिसतात?

ज्यांचे ‘ड’ कमी, त्यांच्यापैकी अनेकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते, हे खरे. बैठे काम, बंद खोली, चालणे नाही, वाढलेले वजन ही दोन्हींची सामाईक कारणे आहेत. अमेरिकेत सुमारे २६,००० लोकांवर पाच वर्षे अभ्यास झाला. निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २०१८ साली निष्कर्ष आला: ‘ड’ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत.

केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. औषधाच्या बाबतीत तर हे पाळायलाच हवे.

ऊन मिळणार कुठे?

तरीही हाडांसाठी, स्नायूंसाठी ‘ड’ हवेच. आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागून घरे. गल्लीत भरदुपारीही दिवा लावावा लागतो. शिवणकाम, पॅकिंग, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींचा दिवस छपराखालीच जातो. ऊन फुकट असते असे म्हणतात, पण ऊन येणारे घर फुकट मिळत नाही. म्हणून गच्ची, मैदान, विहाराचे अंगण यांचा उपयोग करू या.

एवढे लक्षात ठेवू या

• सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ फारसे बनत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन उपयोगी. हात-पाय उघडे ठेवून २०-३० मिनिटे पुरेत. सावळ्या कातडीला थोडा अधिक वेळ लागतो. काचेआडचे ऊन चालत नाही. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र जपावे.

• बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक यांतून थोडे ‘ड’ मिळते. मासे तळण्यापेक्षा कालवण बरे.

• ६०,००० ची पुडी रोज घ्यायची नसते. सहसा आठवड्यातून एक, तीही ठरावीक आठवडेच. अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान सुरू होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

• कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करू नका. ती घेताना अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी किंवा मात्रा बदलू शकतात. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते.

• तंबाखू, मिश्री, गुटखा आणि वारंवार उकळलेल्या तेलातले तळण सोडा. रोज अर्धा तास भरभर चाला.

• कोलेस्टेरॉल वाढल्याचे अंगावर दिसत नाही. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, कोलेस्टेरॉलच्या तपासणीबद्दलही विचारा. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर हे टाळूच नका.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात थोडे थांबू या. कोण कोणती गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेते, एवढे जरी एकमेकांना विचारले, तरी घरातला एखादा कर्ता माणूस वाचेल.