न्हाणीचा बंब : वापर आणि दक्षता

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनाऱ्याच्या गावांत नारळीच्या बागेतून सोडणे, करवंट्या व झावळ्यांचे देठ विनामूल्य मिळतात. त्यामुळे मागील पडवीत किंवा परसात तांब्याचा बंब अनेक घरी आजही पेटतो. जळण घरचे असल्याने खर्चाची बचत होते. मात्र बंब हे विस्तव, वाफ व उकळते पाणी यांचे यंत्र आहे; त्याची रचना समजून घेतल्यास बहुतेक अपघात टळतात.

बंबाची रचना

बंबाच्या टाकीमधून एक उभी नळी जाते. तळाच्या जाळीवर विस्तव असतो, धूर नळीतून वर जातो आणि नळीभोवतीचे पाणी तापते. पाणी असेपर्यंत तांब्याचा पत्रा फार तापत नाही, कारण उष्णता पाणी शोषून घेते. बंब कोरडा पेटविल्यास डाकाचे जोड अल्पावधीत सुटतात. म्हणून प्रथम पाणी, मग विस्तव, हा नियम कधीही मोडू नये. विस्तव असताना सगळे पाणी काढूनही घेऊ नये.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० लिटर जागा लागते. ही वाफ कोंडल्यास टाकी फुटते. याकरिता पाणी ओतण्याचे तोंड बोळा किंवा घट्ट झाकण लावून बंद करू नये, आणि तोटी व तोंड क्षाराने भरले असल्यास वेळीच साफ करावे.

जळण कोणते वापरावे

ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते उडविण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते व धूर वाढतो. म्हणून पावसाळ्याचे जळण उन्हाळ्यातच फोडून, वाळवून, जमिनीपासून उंच माचीवर छपराखाली रचावे. काजूची टरफले घरच्या बंबात जाळू नयेत. त्यांतील तेल कातडीस भाजते व त्याचा धूर डोळ्यांस आणि घशास झोंबतो. बिबा व कण्हेर यांची लाकडे, रंगविलेल्या फळ्या, प्लास्टिक आणि नायलॉनच्या जुन्या जाळ्या हेही वर्ज्य समजावे. विस्तव पेटविण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये.

जागेची निवड

बंब उघड्यावर, सपाट दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवावा. गवताची उडवी, खळ्यातील झावळ्यांचा मांडव व लाकडांची रास यांपासून तो दूर असावा. दिवसा समुद्राकडून व रात्री बहुधा जमिनीकडून वारा वाहतो. ठिणग्या कोणत्या दिशेने जातील, याचा विचार करूनच जागा निवडावी.

दारे-खिडक्या बंद केलेल्या न्हाणीघरात पेटता बंब किंवा निखारे ठेवणे प्राणघातक ठरते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी प्रथम दार उघडून रुग्णास मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मदतीस जाणाऱ्याने आत रेंगाळू नये.

भाजण्यापासून बचाव

साठ अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते; लहान मुलांची त्याहूनही लवकर. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे व मग गरम मिसळावे. मुलांना बंबाजवळ एकटे सोडू नये. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. तेल, हळद, दंतमंजन लावू नये. फोड मोठे असतील, अथवा तोंडास किंवा हातास भाजले असेल, तर दवाखाना गाठावा.

राखेची व्यवस्था

वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो. राख पत्र्याच्या डब्यात काढून पाणी शिंपडावी आणि पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावरच, लाकडाची असल्यास, माडांच्या आळ्यांत थोडी थोडी टाकावी. तिच्यातील पालाश झाडांना उपयोगी पडते.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी वाडीवाडीत एका घरी बंब पेटवून या गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात. घरातील बंब बहुधा स्त्रिया व मुले पेटवितात. म्हणून प्रात्यक्षिक त्यांच्यासमोर व त्यांच्या सोयीच्या वेळी व्हावे. प्रथम पाणी, मग विस्तव; वाफेला वाट आणि हवेला दार, एवढे ध्यानी राहिले तरी एखाद्या घरचा जीव वाचेल.