हाताने केलेले लक्षात राहते

एखादे मूल उशिरा बोलते, हाक मारली तरी वळत नाही, एकच खेळ तासन्‌तास खेळते. मग वस्तीत कोणी त्याला वेडसर म्हणते, कोणी अंगारा-धुपारा सुचवते. ही बाहेरची बाधा नाही, मागच्या जन्माचे फळ नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असू शकते. यात मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते.

अशा मुलांचे पालक आम्हाला सांगतात, "दहा वेळा सांगितले तरी विसरतो." पण नुसते सांगणे आणि करवून घेणे यात फरक आहे. 1994 साली समर्स आणि क्रेक या संशोधकांनी बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. नुसत्या ऐकलेल्या सूचनांपेक्षा स्वतः केलेल्या कृती मुलांच्या जास्त लक्षात राहिल्या. कारण साधे आहे. ऐकताना फक्त कान कामाला लागतात. करताना डोळे, स्पर्श आणि स्नायूही लागतात. आठवायला जास्त खुणा मिळतात.

घरी काय करावे?

"चप्पल काढ, दप्तर खुंटीला लाव, हात धू, मग जेव" असे एका दमात सांगू नका. आधी फक्त चप्पल. आपण करून दाखवा, मग मुलाला स्वतः करू द्या. गरज पडली तर त्याच्या हाताला आपल्या हाताचा हलका आधार द्या आणि तो हळूहळू कमी करा. करताना दोनच शब्द बोला, रोज तेच. एक काम जमले की पुढचे जोडा. क्रम बदलू नका.

अंक शिकवताना वाटीत शेंगदाणे टाकायला लावा. "वर", "खाली", "आत" हे शब्द डबा उचलून, ठेवून शिकवा. वंदनेच्या वेळी हात जोडणे, तीनदा वंदन करणे हेही त्याला आपल्यासोबत करू द्या. पाठ म्हणता आले नाही तरी क्रम लक्षात राहतो.

जबरदस्ती मात्र नको. मूल कान झाकत असेल, रडत असेल, तर थांबा. मारू नका. मूल हात हलवत असेल तर तेवढ्यासाठी रागावू नका. अनेकदा ती त्याची स्वतःला शांत करण्याची रीत असते. सगळ्याच मुलांना सारखा फायदा होत नाही आणि हा उपाय स्वमग्नता घालवत नाही. तो रोजचे जगणे सोपे करतो.

तपासणी आणि हक्क

शंका असेल तर वाट पाहू नका. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मोफत तपासणी करते आणि गरज असल्यास पुढे पाठवते. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. शाळा टाळाटाळ करू लागली तर लेखी उत्तर मागा.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. त्यात हे मूलही आले.