सर्व्हरमध्ये एसएसडी बसविताना कंट्रोलरचीही तपासणी आवश्यक

महाड - जुलै २०२१ मध्ये सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराचे पाणी महाड शहरातील घरे व दुकानांत शिरले, वीज व दूरध्वनी यंत्रणाही कोलमडली. व्यवहाराची माहिती किती जपून ठेवावी लागते, याचा धडा या पुराने दिला. महाड औद्योगिक वसाहतीतील कारखाने असोत वा पोलादपूर येथील पतसंस्था व रुग्णालये, सर्व्हर वेगवान करण्यासाठी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविणे हा सोपा उपाय वाटतो. मात्र नवी डिस्क अनेकदा ओळखलीच जात नाही किंवा चालू होऊनही संथ राहते. अशा वेळी दोष डिस्कचा नसून ती आणि कंट्रोलर यांच्यातील विसंगतीचा असू शकतो.

सर्व्हरमधील डिस्क थेट प्रोसेसरशी जोडलेल्या असतातच असे नाही. मध्ये 'रेड कंट्रोलर' असतो. अनेक डिस्क एकत्र करून एक बंद पडली तरी माहिती सुरक्षित ठेवणे, हे त्याचे काम. त्यामुळे डिस्क चांगली असूनही कंट्रोलरला ती मान्य नसेल तर सर्व्हरला ती दिसत नाही.

पहिली तपासणी जोडणीची करावी. साटा प्रकारची डिस्क सास कंट्रोलरवर सहसा चालते. सास डिस्क मात्र साटा कंट्रोलरवर चालत नाही. यू.२ प्रकारची एनव्हीएमई डिस्क दिसायला त्यांच्यासारखीच असली, तरी तिला पीसीआय एक्स्प्रेसची जोडणी लागते. केवळ सास-साटासाठी बनविलेल्या खाचेत ती चालणार नाही. ४ के आकाराचे सेक्टर असलेल्या डिस्कही काही जुन्या कंट्रोलरना ओळखता येत नाहीत.

दुसरा मुद्दा फर्मवेअरचा. डेल कंपनीने २०१० मध्ये आपल्या काही कंट्रोलरवर अन्य कंपन्यांच्या डिस्क न स्वीकारण्याचे धोरण अवलंबिले होते. ग्राहकांच्या नाराजीनंतर ते त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेला इशारा अधिक गंभीर होता. काही सास एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, चालल्यानंतर कायमच्या निकामी होत असत व त्यांतील माहितीही परत मिळत नसे. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी बंद पडण्याचा धोका असल्याने रेडचे संरक्षणही अपुरे ठरले असते. उपाय एकच होता, तो म्हणजे मुदतीपूर्वी फर्मवेअर अद्ययावत करणे.

डिस्क ओळखली गेली, पण वेग मिळत नाही, अशी तक्रार असल्यास जोडणीचा वेग पाहावा. ६ गिगाबिट क्षमतेची डिस्क ३ गिगाबिटच्या जुन्या कंट्रोलरवर ३ गिगाबिटनेच चालते. अनेक रेड कंट्रोलर 'ट्रिम' हा आदेश डिस्कपर्यंत पोचवीत नाहीत. त्यामुळे पुसलेल्या जागेची माहिती डिस्कला मिळत नाही व कालांतराने लेखनाचा वेग घटू शकतो.

वीज अचानक जाणाऱ्या भागात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातील लेखन पूर्ण करण्यासाठी कपॅसिटरचे संरक्षण नसते. माहिती गमावू नये म्हणून कंट्रोलर अशा डिस्कची लेखन-कॅशे बंद ठेवू शकतो, आणि मग डिस्क संथ भासते. वेगासाठी ती सक्तीने चालू करणे म्हणजे वीज जाताच ताज्या नोंदी गमावण्याचा धोका पत्करणे होय. सर्व्हरसाठीची संरक्षित एसएसडी व यूपीएस हाच योग्य मार्ग.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा. प्रथम बॅकअप घेऊन तो उघडतो का, ते पाहावे. नंतर कंट्रोलर व डिस्कचे मॉडेल आणि फर्मवेअर लिहून घेऊन उत्पादकाच्या सुसंगत यादीशी ताडून पाहावे. त्यानंतर केबल व खाच बदलून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दुसऱ्या सर्व्हरमधून आणलेल्या डिस्क कंट्रोलर 'फॉरेन' म्हणून दाखवितो. तेथे घाईने 'क्लिअर' निवडल्यास डिस्कसंचाच्या मांडणीची नोंद पुसली जाते. 'इनिशियलाइज' हा पर्याय तर माहितीच्याच मुळावर येतो.

काढून ठेवलेली एसएसडी कायमचा बॅकअप मानू नये. जेडेक संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची ठरलेली मर्यादा गाठलेल्या सर्व्हर एसएसडीने विजेविना ४० अंश तापमानात किमान ३ महिने माहिती टिकविणे अपेक्षित आहे. त्यापुढील हमी हे मानक देत नाही. त्यामुळे नियमित बॅकअपची एक प्रत पुराच्या रेषेच्या वर आणि दुसरी शहराबाहेर ठेवणे सावित्रीकाठच्या संस्थांसाठी हिताचे ठरेल.